गिंपमध्ये पैठणीचे रंग : आठ महिने वापरल्यानंतर

पैठणला आमच्या घरी दोन माग आहेत. रेशीम रंगवायला टाकण्याआधी गिऱ्हाइकाला काठ, पदर आणि अंगाचा रंग कसा दिसेल ते काढून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. पूर्वी मी रंगीत पेन्सिली वापरायचे. एक रंग बदलायचा म्हटलं की अख्खा कागद नव्याने काढावा लागायचा. गेले आठ महिने हे काम गिंप या संगणकावर चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर करते. इथे फक्त त्यातल्या रंगांबद्दल लिहिते, कारण आमचं सगळं तिथेच अडतं.

पहिल्या दिवशी मोराच्या नक्षीचा आलेख स्कॅन करून उघडला, राणी रंग घेतला आणि ब्रश फिरवला तर उमटला राखाडी. अर्धा तास गेला. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत, झाला होता, त्यामुळे चित्रात रंग मावतच नव्हता. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी (रंगीत) केलं आणि काम सुरू झालं. निवडलेला रंग उमटत नसेल तर आधी हे तपासा.

दुसरी अडचण रेशमाच्या चमकेची. साडीच्या फोटोवर ड्रॉपर (रंग टिपायचं साधन) टेकवला की एकाच पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा, रंग येतो, आणि रेशमावर शेजारचे दोन पिक्सेलही सारखे नसतात. तीनदा टिपलं तर तीन वेगळे रंग मिळाले. ड्रॉपरच्या पर्यायांत ‘सॅम्पल अॅव्हरेज’ आहे. ते चालू करून त्रिज्या १० ठेवली, की आजूबाजूची सरासरी येते. तरी मी घडीवरची चमक आणि सावली दोन्ही टाळून मधल्या सपाट भागावरच टिपते.

एचएसव्ही आणि एलसीएच या रंग आकड्यांत मांडायच्या दोन पद्धती. रंग ठरवायला मी आता एचएसव्हीऐवजी एलसीएचच्या पट्ट्या वापरते. एचएसव्हीत भडक पिवळा आणि भडक निळा दोघांची ‘व्हॅल्यू’ १०० दिसते, पण डोळ्याला पिवळा किती तरी उजळ वाटतो. एलसीएचमध्ये उजळपणाच्या पट्टीवर तोच पिवळा ९७ च्या आसपास आणि निळा ३० च्या आसपास येतो. काठ आणि अंग यांच्यात उठाव हवा असेल तर हा आकडा बघावा. जांभळ्या अंगावर मोरपंखी काठ फिका पडत होता, तेव्हा रंग तोच ठेवून फक्त उजळपणा वाढवला आणि काठ उठून आला.

सगळ्यात जास्त जीव माझा पॅलेटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या रंगांच्या यादीवर आहे. प्रत्येक रंगाला नाव देता येतं, म्हणून आमचीच नावं घातली: राणी, अंजिरी, आमसुली, चिंतामणी, डाळिंबी, पोपटी. पॅलेटची फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडून ‘२०० २४ ११० राणी’ अशी ओळ लिहिली की रंग तयार; मात्र आकडे इंग्रजीच टाकायचे. सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या. एका रंगाला मी अंजिरी म्हटलं तर म्हणाल्या, “हे अंजिरी नव्हं गं, आमसूल हाय. अंजिरात लाली असती.” लाली वाढवली, तेव्हा कुठे मान हलली.

रंग बदलताना बादलीने नक्षी भरू नका. कडेला जुन्या रंगाची बारीक रेघ राहते. मी काठ, बुट्टी, पदर, जरी असे वेगळे लेयर (एकावर एक थर) ठेवते, त्यांचा अल्फा लॉक करते, म्हणजे रिकाम्या जागेत रंग जात नाही, आणि निवडलेला रंग भरायला कंट्रोल व स्वल्पविराम दाबते. आकार तसाच राहून रंग बदलतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंपच्या ३.० आवृत्तीत फिल्टर (चित्रावर केलेले बदल) लेयरवर कायम राहतात आणि नंतरही बदलता येतात, त्यामुळे आठवड्याने गिऱ्हाईक “थोडं गडद करा” म्हणालं तरी ह्यू-क्रोमा हा रंग बदलायचा फिल्टर उघडून आकडा बदलता येतो.

धूपछाव मात्र पूर्ण जमली नाही. ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) एक रंग, बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा, म्हणून साडी हलली की रंग फिरतो. पडद्यावर ते कसं येणार? मी दोन पिक्सेल रुंद, दोन उंच असा चौकोन घेतला, समोरासमोरचे कोपरे हिरवे आणि उरलेले दोन राणी केले, तो कॉपी करून पॅटर्न म्हणून भरला. शंभर टक्क्यांवर डोळा दोन्ही रंग मिसळतो, पण चित्र लहान केलं की मळकट होतं. म्हणून आता दोन चित्रं देते, एकात ताण्याचा रंग वरचढ, दुसऱ्यात बाण्याचा.

जरीला नुसता पिवळा भरला तर ती प्लास्टिकची वाटते. गडद तपकिरी, मातकट सोनेरी आणि अगदी थोडा फिका पिवळा, असे तीन रंग लागतात.

छपाईत राणी आणि पोपटी हमखास मंद होतात, कारण शाईत तितका भडकपणा बसत नाही. प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसा दिसेल ते पडद्यावर बघायची सोय गिंपमध्ये आहे, ती वापरते. फोनवर तर प्रत्येकाचा पडदा वेगळा. एकदा रंगाऱ्याने फोनवर बघून रेशीम रंगवलं आणि डाळिंबीऐवजी विटकरी लड हातात आली. तेव्हापासून चित्रासोबत आधीच्या लडीतला वीतभर धागा पाकिटात घालून देते आणि पाकिटावर पॅलेटमधलं नाव लिहिते.