मीटर ठीक होता, तरी 170 किलो गॅस कमी आला

आमच्या भट्टीसाठी लागणारा द्रवरूप प्रोपेन टँकरने येतो आणि त्याचे बिल लिटरवर निघते. काम तेवढेच असूनही पुढचा टँकर दर खेपेला दोन-तीन दिवस आधी मागवावा लागू लागला, तेव्हा आम्ही आधी गळती शोधली आणि मग बर्नरला दोष दिला. टाकीवरचा काटा टक्क्यांत ढोबळ पातळी सांगतो, त्याच्या भरवशावर पुरवठादाराशी भांडता येत नव्हते. अखेर एका खेपेला भरणा करण्यापूर्वी आणि नंतर टँकर वजनकाट्यावर नेला. मीटरवर 3,000 लिटरची नोंद होती. 15 अंश सेल्सिअसला एक लिटर प्रोपेनचे वजन साधारण 0.507 किलो असते, म्हणजे सुमारे 1,520 किलो उतरायला हवा होता. प्रत्यक्षात उतरला 1,350.

मीटरच्या लिटर मोजणाऱ्या भागात कोणतीही मोडतोड केलेली नव्हती, आणि म्हणूनच फसवणूक इतके दिवस लपून राहिली. करारातले लिटर 15 अंशांचे होते. मात्र मीटरवरची तापमान-दुरुस्ती, म्हणजे मोजलेले लिटर 15 अंशांच्या लिटरमध्ये बदलून दाखवणारी सोय, बंद ठेवून तिच्या सीलची तार तोडलेली आढळली. त्या दुपारी द्रवाचे तापमान 35 अंश होते आणि त्या तापमानाला फुगलेला लिटर जेमतेम 0.476 किलोचा भरतो. जवळजवळ 90 किलो इथेच गेले.

उरलेली तूट एका नळीतून गेली. भरणा लवकर व्हावा म्हणून चालक आमच्या टाकीच्या वरच्या बाजूपासून टँकरपर्यंत वाफेची नळी जोडत असे. खालून द्रव येई तसतशी वरची वाफ टँकरमध्ये परत जाई. 35 अंशांना अशा एका घनमीटर वाफेत 26-27 किलो प्रोपेन असतो, म्हणजे तीन घनमीटरांत सुमारे 80 किलो. मीटर मोजतो तो केवळ येणारा द्रव. नळी जोडणे गैर नाही, परत गेलेल्या वाफेची वजावट न देणे गैर आहे.

टँकरमधला द्रव तळाला आला की पंप वाफही ओढतो, आणि वाफ वेगळी करणारे भांडे नीट चालत नसेल तर मीटर तीही द्रव म्हणून मोजतो. आमच्याकडे तसे घडल्याचा पुरावा नाही, त्यामुळे तो आरोप मी करत नाही.

पुरवठादाराने “उन्हाळ्यात घट येतेच” असे सांगून पाहिले. वजनाच्या पावत्या पुढे ठेवल्यावर त्या एका खेपेची भरपाई मिळाली. आधीच्या खेपांच्या पावत्याच आमच्याकडे नव्हत्या, तेव्हा ते पैसे बुडाले.