पाठ कशाची असावी? सीएमएफ फोन १चे मागच्या बाजूने परीक्षण

मोबाइलच्या परीक्षणांत प्रोसेसर, कॅमेरा आणि चार्जिंगचा वेग यांना परिच्छेदच्या परिच्छेद मिळतात, आणि फोनच्या पाठीची बोळवण एखाद्या विशेषणावर होते. पाठ 'प्रीमियम' आहे किंवा 'प्लास्टिकची' आहे, इतके सांगितले की विषय संपतो. वास्तविक फोन हातात असताना तळहाताला आणि चार बोटांना लागते ती पाठच. घामेजल्या हातातून निसटतो की नाही हे तीच ठरवते. आणि काचेची असेल तर फुटल्यावर खिशाला चाट लावते तीही तीच. म्हणून या लेखात मी सीएमएफ फोन १ हा फोन मुख्यतः मागच्या बाजूने पाहिला आहे. तसे पाहण्यासाठी याच्याइतका सोयीचा फोन गेल्या काही वर्षांत निघालेला नाही, कारण याची पाठ घरच्या घरी काढता येते आणि दुसऱ्या पदार्थाची बसवता येते.

सीएमएफ हा लंडनच्या नथिंग कंपनीचा तेव्हाचा स्वस्त उपब्रँड. त्याने जुलै २०२४मध्ये हा पहिला फोन भारतात १५,९९९ रुपयांपासून विक्रीस आणला. काळी आणि फिकट हिरवी पाठ पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सरळ भाषेत प्लास्टिकची. नारिंगी आणि निळी पाठ कृत्रिम चामड्याची, ज्याला जाहिरातीत व्हेगन लेदर म्हणतात. जादा पाठ स्वतंत्रपणे १,४९९ रुपयांना मिळत असे. प्लास्टिकच्या पाठीसह फोनचे वजन १९७ ग्रॅम आणि चामड्याच्या पाठीसह २०२ ग्रॅम भरते. हा फरक हाताला जाणवत नाही. ६.६७ इंचांचा अॅमोलेड पडदा आणि डायमेन्सिटी ७३०० प्रोसेसर त्या किमतीला साजेसे आहेत, आणि त्यांच्याविषयी इतरत्र भरपूर लिहून आलेले आहे.

पाठ बदलण्याची कृती सोपी असली तरी घाईची नाही. आधी सिमचा ट्रे बाहेर काढावा लागतो. तो आत राहिला तर पाठ त्या बाजूला अडते आणि जोर लावल्यास ट्रेचेच नुकसान होते. मग खालच्या कोपऱ्यातली गोल चकती फिरवून काढायची आणि चार स्क्रू सोडवायचे. हे स्क्रू इतके बारीक आहेत की ते टेबलावर मोकळे ठेवण्यापेक्षा एखाद्या वाटीत टाकलेले बरे. त्यानंतर कडेला नख किंवा जुने एटीएम कार्ड घालून हलक्या हाताने फिरवत गेले की खटके एकेक करून सुटतात. तो आवाज प्रथम ऐकताना काहीतरी मोडले असे वाटते, पण ती प्लास्टिकची जिभली खाचेतून सुटल्याची खूण असते. पाठ निघाली म्हणजे बॅटरी हाती आली असे मात्र समजू नये. ५,००० एमएएचची बॅटरी आत पक्की बसवलेली आहे आणि ती बदलण्यासाठी दुरुस्ती केंद्राचीच वाट धरावी लागते. नोकियाच्या काळात पाठ काढून बॅटरी झटकणाऱ्या पिढीला हे अर्धवट वाटेल, आणि ते तसे आहेच.

काळ्या प्लास्टिकच्या पाठीवर बारीक खरबरीत पोत आहे. मला हीच पाठ सर्वांत पसंत पडली. तिच्यावर बोटांचे तेलकट ठसे उमटत नाहीत, ती टेबलावरून आपोआप घसरत नाही आणि ओल्या हातातही फोन धरून ठेवते. प्लास्टिक म्हटले की आपल्याकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. त्याचे कारण पदार्थापेक्षा त्याला दिलेल्या सोंगात आहे. सॅमसंगने २०१३च्या गॅलेक्सी नोट ३च्या पाठीला चामड्याचा पोत देऊन कडेने शिवणीचे खोटे टाके छापले होते, आणि अनेक उत्पादक चकचकीत प्लास्टिकला काचेसारखे दाखवू पाहतात. चकचकीत प्लास्टिकवर ओरखडे लगेच दिसतात, कारण पॉलिकार्बोनेट चिवट असले तरी मऊ असते. ते तडकत नाही, पण किल्ल्यांच्या जुडग्यापुढे टिकत नाही. याउलट नोकियाने २०११च्या एन९मध्ये रंग वरून न देता प्लास्टिकच्या पोटातच मिसळला होता, त्यामुळे ओरखडा पडला तरी आतून तोच रंग दिसे. प्लास्टिकला प्लास्टिक म्हणूनच नीट घडवले तर ते किती देखणे होते, याचे ते चांगले उदाहरण होते. सीएमएफची पाठ त्या दर्जाची नाही, परंतु ती कशाचेही सोंग घेत नाही.

मग बहुतेक महागडे फोन काचेच्या पाठीचे का असतात? याचे एक उत्तर तांत्रिक आहे आणि दुसरे निव्वळ प्रतिष्ठेचे. धातू रेडिओ लहरी अडवतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या फोनवर अँटेनासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या सोडाव्या लागत. बिनतारी चार्जिंगच्या वेळी तर चुंबकीय क्षेत्रामुळे धातूतच प्रवाह फिरू लागतात आणि ऊर्जा बॅटरीत जाण्याऐवजी पाठ तापवण्यात खर्च होते. अॅपलने २०१७मध्ये आयफोन ८ आणि आयफोन १०पासून काच परत आणली ती मुख्यतः बिनतारी चार्जिंगसाठी. पण त्याच कंपनीने २०१०मध्ये आयफोन ४ला काचेची पाठ दिली तेव्हा त्यात बिनतारी चार्जिंग नव्हते, आणि आज वीस हजारांच्या आतले कित्येक फोन काचेची पाठ मिरवतात, त्यांतही ते नसते. प्लास्टिकमधून रेडिओ लहरीही जातात आणि बिनतारी चार्जिंगही होते. त्यामुळे तांत्रिक कारण धातूला बाद करते, प्लास्टिकला नाही. काचेला उरतो तो थंडगार, जड आणि महाग वाटणारा स्पर्श. दुकानातल्या पाच मिनिटांत तो स्पर्श मोठी कामगिरी बजावतो. सॅमसंगने २०२१मध्ये ६९,९९९ रुपयांच्या गॅलेक्सी एस२१ला प्लास्टिकची पाठ दिली, तेव्हा झालेली टीका याच कारणाने झाली होती. वापरात त्या पाठीचे कोणतेच काम अडत नव्हते.

काच मजबूत झाली आहे हे खरे. पातळ काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवली की तिच्या पृष्ठभागातील सोडियमच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन शिरतात, पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि तडा सहजासहजी पसरत नाही. परंतु खिशातल्या वाळूच्या कणातील क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो, त्यामुळे ओरखडा चुकत नाही. आणि फोन कोपऱ्यावर पडला तर सर्व रसायनशास्त्र बाजूला राहते. फुटलेली पाठ बदलणे हेच मोठे काम होऊन बसते. आयफोन ८पासून पुढची काही वर्षे मागची काच सांगाड्याला इतकी घट्ट चिकटवलेली असे की ती वेगळी करणे जिकिरीचे आणि खर्चाचे काम होते. २०२२च्या आयफोन १४मध्ये आतली रचना बदलून मागची काच स्वतंत्रपणे निघेल अशी सोय करण्यात आली. म्हणजे जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीलाही पाठ सहज निघावी हा विचार करायला पाच वर्षे लागली. सीएमएफने तोच विचार सोळा हजारांच्या फोनमध्ये चार स्क्रूंवर आणून ठेवला.

उष्णतेच्या बाबतीत मात्र प्लास्टिकची बाजू पडती आहे. अॅल्युमिनियम काचेपेक्षा शंभराहून अधिक पटींनी चांगली उष्णता वाहून नेते, आणि काच पॉलिकार्बोनेटच्या साधारण पाचपट. प्लास्टिकच्या पाठीचा फोन हाताला कमी गरम लागतो, पण ती उष्णता नाहीशी झालेली नसते. ती आत अडकलेली असते आणि बाहेर पडण्यास वेळ घेते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या उन्हात नकाशा चालू ठेवून दुचाकीवर फोन लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सीएमएफ फोन १चा प्रोसेसर फार ऊर्जा खाणारा नसल्याने रोजच्या वापरात अडचण येत नाही. दीर्घ काळ खेळ खेळणाऱ्यांसाठी पाठीचा पदार्थ हा खरोखर विचाराचा मुद्दा आहे. २०२५च्या आयफोन १७ प्रोमध्ये अॅपल पुन्हा अॅल्युमिनियमच्या एकसंध सांगाड्याकडे वळले, ते मुख्यत्वे उष्णतेच्या व्यवस्थेसाठी, आणि बिनतारी चार्जिंगकरिता त्याच पाठीत काचेचा तुकडा बसवला. म्हणजे आदर्श पदार्थ कोणालाच सापडलेला नाही; जो तो आपल्या गरजेप्रमाणे दोन पदार्थांची जोडणी करतो.

आता नारिंगी चामड्याकडे. हातात घेताच ते आवडते. ऊबदार लागते, मऊ असते आणि टेबलावर ठेवताना आवाज करत नाही. फोटोत तर ते चारही पाठींत उठून दिसते. परंतु या पदार्थाची जात ओळखून घ्यावी. व्हेगन लेदर या नावाने फोनवर जे येते ते बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असलेले कापड असते, आणि पॉलियुरेथेनला दमट हवा मानवत नाही. पाण्याच्या वाफेने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते आणि शेवटी वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. कपाटात ठेवलेली रेक्झिनची पर्स एखाद्या पावसाळ्यानंतर जशी पोपडे धरते, तशीच ही गत असते. रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीच्या हवेत राहणाऱ्याने हे गृहीत धरूनच असा फोन घ्यावा. घरात वापरात असलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या फोनची अशी पाठ दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर, जिथे करंगळी टेकते नेमक्या तिथेच, सुटली. दुरुस्ती केंद्राने पूर्ण मागचा भाग बदलावा लागेल असे सांगितले आणि तो भाग मागवण्यास बरेच दिवस लागतील असेही. फोन उत्तम चालू होता, म्हणून तो अखेर काळ्या कव्हरात झाकून वापरावा लागला.

त्यामुळे सीएमएफच्या चामड्याबाबत माझे मत सौम्य आहे. ते खराब होणार असेल तर होऊ द्या. पंधराशे रुपयांत दुसरे येत असे आणि बदलायला कुणाकडे जावे लागत नाही. फिकट रंगावर जीन्सचा निळा डाग चढण्याची शक्यता असते. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसणे ठीक, पण सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नये.

आपल्याकडे आणखी एक प्रथा आहे आणि पाठीच्या चर्चेत ती सहसा कोणी धरत नाही. फोन घेतल्याबरोबर दुकानदार टफन ग्लास चिकटवतो आणि पारदर्शक बॅक कव्हर चढवतो. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेली काच किंवा चामडे पहिल्या दिवसापासून शंभर-दीडशे रुपयांच्या मऊ प्लास्टिकखाली गडप होते. ते कव्हर काही महिन्यांत उन्हाने पिवळे पडते. शिवाय त्याच्या आणि पाठीच्या मध्ये धुळीचे कण अडकतात आणि फोन खिशातून काढ-घाल करताना तेच कण पाठ घासत राहतात. जपलेल्या फोनचे कव्हर काढल्यावर कोपऱ्यांजवळ जे पुसट खरबरीत ठिपके दिसतात ते त्याचेच. सीएमएफ फोन १ची पाठ कडांवरूनही वळलेली असल्याने ती स्वतःच कव्हरचे बरेचसे काम करते. हा फोन मी कव्हराविना वापरला आणि तो तसाच वापरावा असे सुचवतो. तो पडला तर पडद्याची काळजी करावी. पाठ गेली तर ती बदलता येते.

उणिवा आहेत आणि त्यांतील एक मोठी आहे. फोनला आयपी५२ इतकेच मानांकन आहे, म्हणजे थोडी धूळ आणि वरून पडणारे थेंब एवढेच तो सोसतो. मुंबईच्या तिरप्या पावसात हे पुरेसे नाही. निघणारी पाठ म्हटल्यावर हे होणारच, असे समर्थन काही जण करतात. ते मला पटत नाही. सॅमसंगच्या २०१४च्या गॅलेक्सी एस५ची प्लास्टिकची पाठ नखाने निघत असे, बॅटरी हाताने काढता येत असे, आणि तरीही पाठीच्या आतल्या रबरी पट्टीमुळे त्याला आयपी६७ मानांकन होते. अर्थात तो महागडा फोन होता आणि त्याची किंमत या फोनच्या कितीतरी पुढची होती. तरीही अडथळा पाठीचा नसून खर्चाचा आहे, हे स्पष्ट असावे. बिनतारी चार्जिंग नसण्याचेही तसेच आहे. दोन्ही प्रकारच्या पाठींतून ते होऊ शकले असते.

कोपऱ्यातल्या चकतीला दोरी, स्टँड किंवा कार्ड ठेवण्याचे पाकीट जोडता येते. स्टँड उपयुक्त आहे, बाकीचे हौसेपुरते. शौकीन मंडळींनी त्रिमितीय छपाईने स्वतःच्या पाठी बनवून बसवल्या, आणि हे या रचनेचे खरे यश मानावे लागेल, कारण उत्पादकाने नंतर काही विकले नाही तरी फोनला पाठ मिळू शकते.

ही शक्यता काल्पनिक नाही. २०२५मध्ये आलेला सीएमएफ फोन २ प्रो अधिक पातळ, अधिक हलका आणि आयपी५४ मानांकनाचा आहे. त्याच्या पाठीवर स्क्रू दिसतात, पण ती पहिल्या फोनसारखी बदलता येत नाही, आणि जोडसामग्रीसाठी वरून वेगळे कव्हर चढवावे लागते. वापरणाऱ्याने पदार्थ निवडावा ही कल्पना तिच्या जनकानेच एका वर्षात बाजूला ठेवली. युरोपीय संघाच्या बॅटरीविषयक नियमांनुसार फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद वगळता, उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. त्या दडपणाने निघणाऱ्या पाठी पुन्हा दिसू लागतील अशी आशा करायला जागा आहे.

तोवर ज्यांना जुने मॉडेल चालते त्यांनी सीएमएफ फोन १ काळ्या पाठीसह घ्यावा. नारिंगीचा मोह होत असेल तर ती जादा म्हणून घ्यावी, पावसाळा सोडून वापरावी आणि काळी पाठ स्क्रूंसह डबीत जपून ठेवावी. ही जादा पाठ फोनबरोबरच शोधावी. फोन जुना झाला की त्याचे सुटे भाग बाजारातून आधी नाहीसे होतात, आणि पाठीची गरज नेमकी तेव्हाच पडते.