जुने इंजिन, नवे सिंथेटिक तेल : फ्लश करावे की नुसते तेल बदलावे?

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत खनिज तेलाऐवजी सिंथेटिक तेल भरायचे ठरले की आधी इंजिन फ्लश करावे का, म्हणजे द्रावकाने आतून धुवावे का, हा प्रश्न हमखास पुढे येतो. त्यातील एक गैरसमज आधीच बाजूला ठेवलेला बरा. ही दोन्ही तेले एकमेकांत व्यवस्थित मिसळतात, त्यामुळे जुन्या तेलाचा थोडा अंश आत राहिला तरी नवे तेल नासत नाही. केवळ तेलाचा प्रकार बदलतो म्हणून फ्लश करण्याची गरज नसते. आत किती किटण साचले आहे, यावरच हा निर्णय अवलंबून असतो.

फ्लशच्या बाटलीत बहुधा केरोसीनच्या जातीचे पेट्रोलियम द्रावक आणि डिटर्जंट असतात. हे मिश्रण जुन्या तेलात ओतून, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे साधारण 5 ते 15 मिनिटे इंजिन आयडलवर चालू ठेवतात आणि तेल गरम असतानाच काढून टाकतात. तेवढ्या वेळात तेल पातळ झालेले असल्याने गाडी चालवायची नसते, रेसही करायचे नसते. पिस्टनच्या ऑइल रिंगमध्ये बसलेले वार्निश (जळक्या तेलाचा पातळ, चिकट लेप) किंवा चिकटून आवाज करणारे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) यांवर हा उपाय कधी कधी चांगला लागू पडतो, आणि काम अर्ध्या तासात उरकते.

खरा धोका आहे तो चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेल साठण्याच्या भांड्याच्या, तळाशी. ऑइल पंप ज्या नळीने तेल ओढतो, तिच्या तोंडावर एक जाळी असते. पातळ वार्निश द्रावकात विरघळून तेलाबरोबर बाहेर पडते. पण टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षे घट्ट झालेला थर विरघळण्याऐवजी खपल्यांनी सुटतो आणि चेंबरमध्ये उतरतो. ही जाळी फिल्टरच्या आधी येते, त्यामुळे नवा फिल्टर बसवूनही तिचे रक्षण होत नाही. ती अर्धवट बुजली तरी दाब घसरतो आणि त्याचा फटका क्रँकची बेअरिंगे, कॅमशाफ्ट आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा टर्बोचा दांडा यांना बसतो. तेलाचा लाल दिवा दाब फारच खाली गेल्यावर लागत असल्याने, तो लागेपर्यंत नुकसानीला सुरुवात झालेली असू शकते. द्रावकाऐवजी डिझेल ओतून इंजिन धुण्याच्या पद्धतीत तर हीच जोखीम पत्करावी लागते आणि डिटर्जंटचा लाभही मिळत नाही.

दुसरा मार्ग संथ आहे. फ्लश न करता योग्य ग्रेडचे (दाटपणाच्या वर्गाचे) तेल आणि नवा फिल्टर घालायचा, ते तेल दोन-तीन हजार किलोमीटरवरच काढायचे आणि मग पुन्हा भरायचे. तेलातील डिटर्जंट व डिस्पर्संट थराला हळूहळू सोडवतात आणि सुटलेले बारीक कण तेलातच तरंगत ठेवतात. खर्च एका जादा भरणीचा. मात्र ही सफाई तेल सिंथेटिक असण्यापेक्षा त्यातील ॲडिटिव्हवर, म्हणजे अशा मिसळलेल्या रसायनांवर, अधिक अवलंबून असते. म्हणून पहिल्या अल्प मुदतीसाठी महागडे तेल वाया घालवू नये, त्याच ग्रेडचे चांगले सेमी-सिंथेटिक पुरते.

निवड करण्यापूर्वी तेल भरण्याचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहावे. काही इंजिनांत झाकणाखाली आडवा पत्रा असतो. तेथे टॅपेट कव्हर काढल्याशिवाय काही कळत नाही. धातूवर तपकिरी छटा असेल तर दुसरा मार्ग पुरेसा आहे. काळा, जॅमसारखा थर बोटाला लागत असेल तर या दोन्हींपैकी काहीच करू नये. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करावी, मजुरी लागली तरी. झाकणाला आतून पिवळसर साय दिसली तर ती ओलाव्याची असते, आणि कूलंट तेलात उतरत नाही ना हे कळण्यासाठी आधी त्याची पातळी तपासावी लागते. डिझेल इंजिनात नवे तेल लगेच काळे पडते ते काजळीने, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

फ्लशची बाजू मी एवढ्यापुरतीच घेईन की इंजिनाचा पूर्वेतिहास माहीत आहे, आत जाड थर नाही आणि रिंग किंवा टॅपेटची ठरावीक तक्रार आहे. तेलात भिजून चालणारा टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात मात्र उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय द्रावक घालूच नये, कारण त्याने बेल्टचे रबर फुगू शकते.

तेल झिरपण्याची भीती दोन्ही मार्गांत सारखीच आहे. वाळलेल्या ऑइल सीलभोवतीचा चिकटा निघाला की आधीच पडलेली फट उघडी पडते. ग्रेड मात्र आपल्या हातात असते : पुस्तिकेत 10W-40 असेल तर 5W-40 चालते, कारण गरम इंजिनातला दाटपणा सांगणारा शेवटचा आकडा दोन्हींत 40 च असतो, 0W-20 कडे वळणे झिजलेल्या इंजिनाला मानवत नाही.