श्वांगाऊ: पांढरा किल्ला की पिवळा?

जर्मनीतल्या बव्हेरियात आल्प्सच्या पायथ्याशी श्वांगाऊ नावाचं छोटं गाव आहे. बहुतेक लोक तिथे जातात ते नॉयश्वानस्टाइनसाठी. राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये हा पांढरा किल्ला बांधायला घेतला, पण 1886 मध्ये तो वारला तेव्हाही काम अर्धवटच होतं. सिंहासनाच्या दालनात सोन्यासारखा झगमगाट आहे, सिंहासन मात्र नाही! आत गाइडच्या मागे भराभर चालावं लागतं, फोटोही काढता येत नाहीत. खरी मजा बाहेर, मारीएनब्रुके पुलावर. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खाली घळ दिसते आणि पोटात गोळा येतो.

समोरचा पिवळा होएनश्वांगाऊ त्या मानाने साधा. लुडविगचं लहानपण तिथे गेलं, त्यामुळे खोल्यांना घरपण आहे. नव्या किल्ल्याचं काम तो इथून दुर्बिणीतून बघायचा. चढण कमी, म्हणून आईबाबा सोबत असतील तर हाच बरा. उतरलं की लगेच आल्पझे तळं.

माझं विचाराल तर पांढरा किल्ला पुलावरूनच बघा, तिकीट पिवळ्याचं काढा आणि उरलेली दुपार तळ्याकाठच्या वाटेला द्या.