रॅली चॅम्पियनची शिकवण आणि आमची स्विफ्ट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, मी कुठल्या ट्रॅकवर जाऊन कोर्स बिर्स केलेला नाही. रौनो आल्तोनेन म्हणून फिनलंडचा जुना रॅली ड्रायव्हर, 1965 चा युरोपियन चॅम्पियन, 1977 ला बीएमडब्ल्यूचं ड्रायव्हर ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा त्यात साध्या गाडीवाल्यांना शिकवायला लागला. त्याचं आणि त्या प्रकारच्या ट्रेनिंगचं वाचून-बघून जेवढं डोक्यात शिरलं तेवढं आठ महिने माझ्या मॅन्युअल स्विफ्टवर लावून बघितलं. मी चाळीसगावचा, सासुरवाडी संभाजीनगर, त्यामुळे कन्नड घाट महिन्यातून दोन-तीनदा होतोच, आणि बहीण सावद्याला दिलेली, म्हणजे केळीचे ट्रॅक्टर पण आले.

हाच माणूस का, तर याने मार भरपूर खाल्लाय. 1962 च्या मॉन्टे कार्लो रॅलीत याची मिनी (छोटी ब्रिटिश गाडी) उलटून पेटली, को-ड्रायव्हरने ओढून बाहेर काढला म्हणून वाचला. 1966 ला तिथेच दुसरा आला तर हेडलाईटच्या बल्बवरून पहिल्या तिन्ही मिनी बाद (आपल्याकडे हा नियम लावला तर रात्री धुळ्यापर्यंत एक गाडी पोचायची नाही), आणि 1967 ला परत जाऊन जिंकला. आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत सहा वेळा दुसरा, पहिला एकदाही नाही. याच्या उलट मी ज्या क्लासला गाडी शिकलो, नाव नाही घेत, तिथला मास्तर दहा दिवस फोनवर बोलत स्वतःच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचा आणि मला वाटायचं गाडी मीच थांबवतोय.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त फरक पडला तो सीटने, आणि ते ऐकायला एकदम बोअर आहे. पाठ पूर्ण टेकवून हात पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी सहा वर्षं झोपाळ्यावर बसल्यासारखा चालवत होतो. पहिला आठवडा वाटलं शाळेच्या बाकावर बसलोय, नंतर संभाजीनगरला उतरल्यावर कंबर धरायची सवयच गेली.

दुसरं म्हणजे नजर. वळणात बोनेटपुढे नाही, वळण जिथे सुटतं तिकडे बघायचं. श्रावणात घाटात धुकं होतं, वरून एसटी आली तर दिसणारच नाही असं, तेव्हा कळलं की नजर लांब पोचत नसेल तर स्पीड तेवढाच ठेवायचा जेवढ्यात दिसतंय तिथपर्यंत थांबता येईल. सोपं वाटतं, पण मागचा हॉर्न वाजवत असला की फार अवघड जातं राव.

ब्रेकचं सावद्याजवळ कामी आलं. तिन्हीसांजेची वेळ, पुढे केळीची ट्रॉली, मागे ना लाईट ना रेडियम, घड बाहेर लोंबलेले. आधी मी पंप करत ब्रेक मारायचो, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असून. या वेळी एकदाच पूर्ण दाबला आणि दाबूनच ठेवला, पायाखाली पेडल घरघरायला लागलं, मला वाटलं काहीतरी तुटलं, पण स्टेअरिंग वळत होतं आणि गाडी साईडपट्टीवर निघाली. ती घरघर आधी मोकळ्या रस्त्यावर तीन-चारदा अनुभवली होती म्हणून पाय सोडला नाही, नाहीतर घाबरून सोडलाच असता.

जे फेल गेलं ते पण सांगतो. डाव्या पायाने ब्रेक. आल्तोनेनसारख्या लोकांनी मिनीत ते गाजवलं कारण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असलेली गाडी वळणात बाहेर पळते, उजवा पाय रेसवर ठेवून डाव्याने ब्रेक लावला की मागचा भाग हलका होतो आणि नाक आत वळतं. स्विफ्ट पण तसलीच, म्हणून शेताच्या रस्त्यावर ट्राय केलं. डावा पाय आयुष्यभर क्लच दाबलेला, त्याने ब्रेक तसाच खपकन दाबला, गाडी जागेवर, आणि आप्पांच्या मांडीवरचा भरताचा डबा थेट डॅशबोर्डवर. आप्पा एवढंच म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे तू?" तो चॅप्टर तिथेच क्लोज. भरतातलं तेल अजून एसीच्या जाळीत आहे, हीटर लावला की वास येतो.

एकच तक्रार, बायकोने गाडी नेली की सीट परत मागे-पुढे, आणि आता ती पण मनगट टेकवून बघते, माझी सेटिंग चुकीची आहे म्हणते.