मशीन चांगलं, मॅडम चांगल्या, पण रिपोर्ट समजावणार कोण?

खानापूरहून मी आणि माझ्या जाऊबाई बेळगावच्या एका डायग्नोस्टिक सेंटरला मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला गेलेलो, नाव मुद्दाम लिहीत नाही. तपासणीला पाचपैकी पाच. करणारी बाईच होती, मराठी कन्नड दोन्ही बोलत होती. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर जाऊबाई अडून बसल्या, तर तिनं जराही घाई केली नाही, रुमालात बांधून हातात धरा म्हणाली. प्लेटमध्ये दाबल्यावर दुखतं पण काही सेकंदच. पावडर, डिओ लावून जाऊ नका, फोटोत ठिपके येतात.

रिपोर्टला मात्र दोनच. काउंटरवरून पाकीट दिलं, झालं. माझा टाइप बी, जाऊबाईंचा टाइप सी आणि पुढं 'डेन्स'. गाठ नाही असंही खाली लिहिलेलं, पण त्यांचं लक्ष त्या एका शब्दावर, रिक्षात बसेपर्यंत डोळे भरले, पदराखालून सारखं चाचपून बघायच्या आणि म्हणायच्या एवढं घट्ट झालं तरी मला कसं कळलं नाही गं. तिकडं नणंदबाई फोनवर, "घाबरूलालीस कशाला, गाठ नाही म्हटलंय की, विषय संपला." एकीला उगाच धसका, दुसरी एकदम निवांत, आणि मला नुसता संताप.

मग गावातल्या लेडी डॉक्टरांनी नीट सांगितलं. डेन्स म्हणजे स्तनात चरबी कमी आणि दाट भाग जास्त, तो आजार नाही, चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांचं तसंच असतं, हाताला ते कळतच नाही, मॅमोग्राफीतच दिसतं. ए ते डी चार प्रकार, त्यातले सी आणि डी डेन्स. पण फोटोत तो दाट भाग पांढरा आणि गाठही पांढरीच, म्हणून बारीक गाठ लपू शकते, शिवाय कॅन्सरचा धोकाही थोडा जास्त असतो, तेव्हा सोनोग्राफी पण करून घ्या. हे ऐकून जाऊबाई सावरल्या, भीती पूर्ण गेली नाही, पण रात्री जेवल्या तरी. मग चिडल्या, एवढंच तिथं सांगायला काय झालं होतं? बरोबरच आहे. अमेरिकेत 10 सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक बाईला तिची डेन्सिटी सोप्या भाषेत लेखी कळवायचा नियम आहे, आपल्याकडं निदान पाच मिनिटं समोर बसवून मराठीत, कन्नडमध्ये बोला की.

सोनोग्राफी जाऊबाईंना तिथंच करायचीय. डॉक्टर स्वतः रिपोर्ट समजावणार का, हे आधी फोन करून विचारलंय, हो म्हणालेत.