गोल चौकात सायकलस्वाराला धडक: कलम 164 की कलम 166?

गोल चौकात मोटारीची धडक बसून सायकलस्वार जखमी झाला की प्लास्टर वाळायच्या आत घरात एक प्रश्न उभा राहतो: विमा कंपनी देते ती ठरावीक रक्कम घेऊन मोकळे व्हावे, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण भरपाईचा दावा चालवावा? नात्यागोत्यातले सल्लागार या वेळी चूक कोणाची याचीच चर्चा करतात. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे, आणि पहिला प्रश्न हा की जखमेतून कायमचे काही अधू राहणार आहे की नाही.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये 2019 साली मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईसंबंधीचे नवे प्रकरण 1 एप्रिल 2022 पासून लागू झाले. त्यातील कलम 164 नुसार मृत्यू झाल्यास 5 लाख आणि जबर दुखापत झाल्यास 2.5 लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी मोटारचालकाची हयगय सिद्ध करावी लागत नाही, इतकेच नव्हे तर तसे म्हणावेही लागत नाही. मात्र दुखापत जबर असली पाहिजे. हाड मोडणे किंवा दात पडणे त्यात बसते, मुका मार आणि खरचटणे बसत नाही. रक्कम वाढत नाही, वय आणि उत्पन्नाचा तिच्याशी संबंध नाही, आणि वर्षभर अंथरुणावर पडलेल्याला जेवढे मिळते तेवढेच दीड महिन्यात कामावर रुजू झालेल्यालाही मिळते.

कलम 166 चा मार्ग याच्या उलट आहे. तेथे चालकाची हयगय दाखवावी लागते, पण फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा लागत नाही. घटना तशीच घडली असण्याची शक्यता अधिक वाटली तरी पुरते. रकमेला वरची मर्यादा नाही. औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, वेदना आणि घटलेली कमाईची ताकद या सगळ्यांचा हिशेब स्वतंत्रपणे होतो, आणि त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याजही देता येते.

हा हिशेब एका कल्पित उदाहरणावर करून पाहू. सायकलवरून घरोघरी दूध घालणारे 38 वर्षांचे गृहस्थ, महिन्याची कमाई 20,000 रुपये, घोट्याचे हाड वाकडे जुळले. न्यायाधिकरण अशा वेळी प्रमाणपत्रावरची अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी घेत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालापासून पाहायचे ते एवढेच की त्या अधूपणामुळे त्या माणसाच्या त्या धंद्यातली कमाई किती घटली; बसून काम करणाऱ्या कारकुनाचा घोटा आणि रोज जिने चढणाऱ्या दूधवाल्याचा घोटा कायद्याला सारखा नाही. ही घट 15 टक्के धरू. वार्षिक कमाई 2,40,000. प्रणय सेठी प्रकरणातील 2017 च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगार करणाऱ्यासाठी भावी वाढीचे 40 टक्के मिळवून 3,36,000. त्याचे 15 टक्के 50,400. आणि 36 ते 40 या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक घटीला वयानुसार ज्याने गुणायचे तो आकडा, 15. एकूण 7,56,000 रुपये, तेही औषधोपचाराचा खर्च आणि व्याज सोडून.

आता समजा, चूक त्यांचीही होती. स्वतःच्या हयगयीचा वाटा जितका ठरेल तितकी भरपाई कापली जाते. दावा मात्र बाद होत नाही. त्यांची चूक निम्मी ठरली तरी 3,78,000 उरतात, आणि आपली चूक दोन तृतीयांशाच्या पुढे गेल्याखेरीज आकडा 2.5 लाखांच्या खाली येत नाही. या गणितामुळेच मी वर ‘चूक कोणाची’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. याउलट एखाद्या विद्यार्थिनीचे मनगट मोडले, सहा आठवड्यांत ते पूर्ववत झाले आणि रुग्णालयाचे देयक 80,000 झाले, तर कलम 166 खाली तिच्या हाती 2.5 लाख येतीलच असे नाही; तिने ठरावीक रक्कम घेऊन अभ्यासाला लागणे शहाणपणाचे.

गोल चौकात, किंवा नाशिककर ज्याला सर्कल म्हणतात तेथे, हा वाटा कसा ठरतो हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे चौकाच्या मधल्या बेटाला वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घातला जातो, आणि आत शिरणाऱ्या चालकाने आधीच वळसा घेत असलेल्या, म्हणजे त्याच्या उजव्या हाताने येणाऱ्या वाहतुकीला वाट द्यायची असते. त्यामुळे वळसा घेणाऱ्या सायकलला आत घुसणाऱ्या मोटारीने उडवले, तर सायकलस्वाराची बाजू भक्कम असते. दुसरा प्रसंग बाहेर पडतानाचा: सायकल डाव्या कडेने सरळ पुढे चाललेली असते आणि शेजारची गाडी डावीकडच्या रस्त्याला लागण्यासाठी तिच्या पुढ्यातून वळते. येथेही दोष बहुतांशी चालकाचाच, पण विमा कंपनीचा वकील सायकल आंधळ्या, म्हणजे चालकाला न दिसणाऱ्या, बाजूने पुढे घुसत होती असे म्हणतोच. तिसरा प्रसंग आपल्याकडे रोजचा आहे: वळसा वाचवण्यासाठी सायकल बेटाच्या उजव्या अंगाने उलटी जाते. तेव्हा कपात होणार हे गृहीत धरावे. बेस्टची बस आणि सायकलस्वार यांच्या मुंबईतील अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली सायकलस्वाराच्या हयगयीचा वाटा भरपाईतून वजा केला होता. हेल्मेट नव्हते हा आक्षेपही घेतला जातो, पण हेल्मेटची सक्ती करणारे कलम 129 सायकलस्वाराला लागू नाही. चूक दोन मोटारींची मिळून असेल, तर पूर्ण रक्कम त्यांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करता येते. 2015 च्या खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट झाले आहे.

यातले बरेच काही घटनास्थळ पंचनाम्याच्या एका पानावर अवलंबून असते. त्यात नुसते ‘चौकात अपघात झाला’ एवढेच असेल तर वकिलालाही फार काही करता येत नाही. हाताने काढलेल्या नकाशात बेटाचा कठडा, काचांचे तुकडे कठड्यापासून किती फुटांवर पडले, सायकलचे तोंड कोणत्या रस्त्याकडे होते आणि तिचे मागचे चाक वाकले की पुढचे, हे असले पाहिजे. मागचे चाक डाव्या अंगाने आत दबले असेल, तर धडक आत शिरणाऱ्या गाडीची होती हे सांगायला साक्षीदाराची फारशी गरज पडत नाही. म्हणून सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये. चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ती तशीच ठेवावी.

मुदतीबाबत मात्र ढिलाई नको. कलम 166 खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. पोलिसांनी कलम 159 प्रमाणे न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अहवालही अर्ज म्हणून धरला जातो. तो खरोखर गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारावे. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो, त्यामुळे पुण्यात अपघात झालेल्या सोलापूरकराला तारखांसाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत.

खरी अडचण तारखांच्या या गुंत्यातच आहे. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने कलम 149 प्रमाणे माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रस्ताव द्यायचा असतो, आणि हाड नीट जुळले की नाही हे डॉक्टर मात्र चार-सहा महिन्यांनी सांगतात. कलम 164 ची रक्कम या पद्धतीने स्वीकारली की कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. पूर्वी कलम 140 खाली मिळणारी रक्कम आगाऊ असे आणि पुढे मोठ्या भरपाईतून वजा होई. ते कलम आता राहिलेले नाही, त्यामुळे ‘आधी हे घ्या, मग पुढे लढू’ हा जुन्या माणसांचा सल्ला आज महागात पडतो. पैशाची फारच निकड नसेल, तर सहा महिन्यांच्या आत कलम 166 चा अर्ज दाखल करावा, अस्थिरोगतज्ज्ञाचे मत येईपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही करू नये, आणि अधूपण उरणार नाही असे कळल्यावर खुशाल 2.5 लाख घ्यावेत. सुरुवातीच्या उपचारांसाठी 2025 पासून दीड लाखांपर्यंत सात दिवसांची रोकडविरहित उपचार योजना आहे, त्यामुळे केवळ रुग्णालयाच्या धास्तीने घाई करण्याचे कारण थोडे कमी झाले आहे. दावा चालू असताना लोकअदालतीतही तडजोड करता येते. पैसे लवकर सुटतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर या दोन्ही मार्गांचा उपयोग नाही. तेव्हा कलम 161 खाली जबर दुखापतीसाठी 50,000 आणि मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात. चौकातल्या खड्ड्यात सायकल आपटली असेल, तर भांडण रस्त्याच्या मालकाशी आहे: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी 6 लाख आणि जखमींसाठी 50,000 ते 2.5 लाख अशी भरपाई ठरवून दिली आहे. आणि धडक दुसऱ्या सायकलचीच असेल तर सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे न्यायाधिकरणाचे दार बंदच. दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तेथे समोर विमा कंपनी नसून आपल्यासारखाच एक सायकलस्वार उभा असतो.